कलावस्तूंतील गुंतवणूक : वारली चित्राच्या निमित्ताने

शिलकीत पडलेला पैसा कोठे ठेवावा हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीला फारसा छळत नसे. भात झोडून, देणेकऱ्यांची तोंडे बंद करून चार पैसे उरलेच तर ते सोन्याच्या मण्यांत जात. त्याहून अधिक उरले तर जमिनीच्या तुकड्यात. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि ह्या किनारपट्टीवर दरमहा पगार घेणारा एक मोठा वर्ग तयार झाला. त्याच्याबरोबर मुदतठेव, विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि अलीकडे म्युच्युअल फंड हे शब्द घराघरांत आले. आता त्यांच्या जोडीला 'पर्यायी मालमत्ता' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. चित्रे, शिल्पे, जुनी नाणी, टपाल तिकिटे, दुर्मिळ ग्रंथ ह्या वस्तू केवळ हौस म्हणून न घेता गुंतवणूक म्हणून घ्याव्यात, शेअर कोसळले तरी त्यांची किंमत टिकते, असा सल्ला आज दिला जातो.

ह्या सल्ल्याची तपासणी पालघर जिल्ह्यातील विद्यार्थ्याने विशेष आस्थेने करावयास हवी. मुंबईच्या कलादालनांत आणि परदेशांतील संग्रहालयांत पोचलेली एक कला आपल्याच जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार ह्या तालुक्यांतील पाड्यांवर जन्मली आहे. बाजाराच्या भाषेत बोलायचे तर वारली चित्र ही आपल्या परिसराची 'मालमत्ता' आहे. मग कलावस्तूची किंमत नेमकी कशावर उभी राहते, आणि ती वाढली तर ती वाढ कोणाच्या पदरात पडते, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कलावस्तूचे वेगळेपण

अर्थशास्त्रात गुंतवणुकीची परीक्षा साधारणतः तीन कसोट्यांवर केली जाते: तिच्यापासून उत्पन्न किती, तिची जोखीम किती आणि ती किती लवकर रोख पैशात बदलता येते. मुदतठेवीवर व्याज मिळते, शेअरवर लाभांश मिळतो, घर भाड्याने देता येते, चिकूची वाडी दरवर्षी फळ देते. भिंतीवर टांगलेले चित्र ह्यांतले काहीच देत नाही. ते डोळ्यांना सुख देते हे खरे, पण त्या सुखाचा धनादेश वटत नाही. उलट चौकट, काच, विमा, वाळवीपासून राखण हा खर्च मात्र दरवर्षी चालू राहतो. तेव्हा चित्रातून मिळणारा सारा आर्थिक लाभ एकाच क्षणावर अवलंबून असतो. तो क्षण म्हणजे विक्रीचा.

आणि विक्री सोपी नसते. सोन्याची वळी घेऊन कोणी सकाळी बोईसरच्या बाजारपेठेत गेला तर दुपारपर्यंत त्याच्या हाती पैसे पडतात, कारण एक तोळा सोने दुसऱ्या एक तोळा सोन्यासारखेच असते आणि त्याचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो. एक चित्र दुसऱ्या चित्रासारखे नसते. त्याला रोजचा भाव नसतो. ते विकत घेणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो आपल्या गरजेच्या दिवशीच भेटेल असे नाही. घरात आजारपण आले असता ठेव मोडता येते, मणी गहाण ठेवता येतो. चित्र गहाण ठेवून पैसे देणारी पेढी आपल्या परिसरात नाही. ह्या गुणाला अर्थशास्त्रज्ञ 'रोखता' म्हणतात. कलावस्तूत ती सर्वांत कमी असते.

आकड्यांची साक्ष

तरीही माणसे चित्रांत पैसा गुंतवितात, कारण अधूनमधून एखादा आकडा सर्वांचे डोळे दिपवून टाकतो. पंढरपूर येथे जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन ह्यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील क्रिस्तीजच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने जवळजवळ ११८ कोटी रुपयांना गेले. त्या दिवसापर्यंत कोणत्याही आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. हेच चित्र १९५४ मध्ये एका परदेशी डॉक्टरने १,४०० रुपयांना घेतले होते. चक्रवाढीने हिशेब मांडला तर ७१ वर्षे दरसाल सुमारे २१ टक्के असा हा परतावा पडतो. कोणती बँक असे व्याज देईल?

परंतु हा हिशेब येथेच थांबवला तर तो अपुरा राहतो. १९५४ साली मुंबई-दिल्लीच्या प्रदर्शनांतून इतर अनेक चित्रकारांचीही चित्रे तेवढ्याच किंवा त्याहून अधिक किमतींना विकली गेली असतील. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, आणि ती चित्रे लिलावात येतच नाहीत. जी बुडाली ती मोजली जात नाहीत. जी तरली तीच मोजली जातात. एखाद्या गावातील लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहून सबंध गावाच्या तिकिटांचा परतावा ठरवावा, तसाच हा प्रकार आहे. शिवाय ज्या डॉक्टरने हे चित्र घेतले त्याने ते १९६४ मध्ये ऑस्लो येथील विद्यापीठाच्या रुग्णालयाला देऊन टाकले होते. तेथे ते भिंतीवर टांगलेले होते. म्हणजे मूळ खरेदीदाराने त्या चित्रावर एक रुपयाही मिळविला नाही.

नागपूर येथे जन्मलेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे ह्यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. २००१ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे राहणे अखेरपर्यंत अगदी साधे होते. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्तीजने भरविलेल्या पहिल्या भारतीय लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुरवठा कायमचा थांबतो आणि मागणी वाढतच राहते, हा बाजाराचा साधा नियम येथे दिसतो. मात्र त्या नियमाचा लाभ स्वतः चित्रकाराला मिळू शकत नाही.

एकेका चित्राऐवजी सबंध बाजाराकडे पाहिले तर चित्र बरेच निवळते. विल्यम बॉमोल ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. युरोपातील सुमारे तीनशे वर्षांच्या चित्रविक्रीचे आकडे तपासून त्याने असे दाखविले की, महागाई वजा जाता चित्रांतील गुंतवणुकीचा सरासरी परतावा दरसाल अवघा ०.५५ टक्के पडतो. सरकारी रोख्यांनी त्याहून बरेच अधिक दिले असते. लुक रेनेबूग आणि क्रिस्तोफ स्पेंजर्स ह्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५७ ते २००७ ह्या काळासाठी हाच आकडा सुमारे ४ टक्के येतो. म्हणजे काळ बदलला की निष्कर्ष बदलतो. पण झटपट श्रीमंत करणारी खाण म्हणून कला कोणत्याच गंभीर अभ्यासात सिद्ध झालेली नाही.

ह्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीच्या वर सुमारे वीस टक्के किंवा अधिक अधिभार घेते आणि विकणाऱ्याकडूनही दलाली घेते. समजा, एखादे चित्र १ लाखाच्या बोलीवर घेतले आणि अधिभार धरून १ लाख २० हजार दिले. पुढे ते विकताना दहा टक्के दलाली गेली, तर आपले १ लाख २० हजार परत मिळण्यासाठीच बोली १ लाख ३३ हजारांवर जावी लागते. किंमत एक-तृतीयांश वाढली तेव्हा कोठे आपण मूळपदावर येतो! करही आहेच. घरातील फर्निचर किंवा कपडे ह्यांसारख्या वैयक्तिक वापराच्या वस्तू विकल्यास भांडवली नफ्यावरील कर लागत नाही. परंतु २००७ च्या वित्त अधिनियमाने चित्रे, रेखाटने, शिल्पे आणि पुराणवस्तूंचे संग्रह ह्या सवलतीतून वगळले.

कलानिधीचा धडा

एकट्याने चित्र घेण्याची ऐपत नसेल तर अनेकांनी मिळून घ्यावे, ही कल्पना शेअरबाजारातून कलेत आली. मुंबईतील ओसियान्स ह्या संस्थेने २००६ मध्ये असा कलानिधी उभारला आणि त्यात शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले. निधीची मुदत २००९ मध्ये संपत होती. मध्यंतरी २००८ च्या उत्तरार्धात जगभर आर्थिक मंदी आली, कलेचा बाजार बसला आणि मुदत भरली तेव्हा चित्रे होती पण ती घेणारे नव्हते. गुंतवणूकदारांचे पैसे वेळेवर परत मिळाले नाहीत. असे निधी सामूहिक गुंतवणूक योजनांच्या व्याख्येत येतात आणि त्यांना नोंदणी आवश्यक आहे, हे 'सेबी'ने २००८ मध्येच जाहीर केले होते. २०१३ मध्ये तिने ह्या निधीविरुद्ध आदेशही दिला.

शेअर कोसळले तरी कला टिकते, ह्या सल्ल्याची कसोटी येथे लागली. मंदीत पैसेवाल्या माणसाचा हात आखडतो आणि सर्वांत आधी तो चित्रांपासूनच आखडतो. ज्या दिवशी गुंतवणूकदाराला पैशाची सर्वाधिक गरज असते, नेमका त्याच दिवशी कलेचा बाजार ओस पडलेला असतो.

चौकापासून कागदापर्यंत

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वारली समाजात लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर चौक लिहिला जातो. तो सवाशिणी लिहितात. शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढेच त्याचे साहित्य. चौकात पालघट देवीची स्थापना असते, आणि धवलेरीच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. हा चौक विकता येत नाही, उचलून नेता येत नाही. पुढल्या सारवणाखाली तो नाहीसा होतो. बाजाराच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य आहे आणि वारली कुटुंबाच्या दृष्टीने त्याच्यावाचून लग्न होत नाही. मोल आणि किंमत हे दोन शब्द मराठीत वेगळे का आहेत, हे समजून घ्यायला ह्याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी ह्या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद देण्याच्या कामात, पुपुल जयकर ह्यांच्या प्रेरणेने, त्यांनी पुढाकार घेतला होता. तेच त्यांनी डहाणू तालुक्यात केले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे हा तरुण त्यांच्या नजरेत भरला. चौक लिहिणे हे स्त्रियांचे काम असताना हा पुरुष छंद म्हणून रोज चित्रे काढत असे. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये नेदरलंड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील संग्रहालयात रिचर्ड लाँग ह्या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रे मांडली गेली. मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार आहेत, आणि आज जिल्ह्यातील असंख्य तरुण-तरुणी वारली चित्रे काढून घराला हातभार लावीत आहेत.

भिंतीवरून कागदावर येताना चित्रात तीन बदल झाले. ते उचलून नेण्याजोगे झाले. ते टिकाऊ झाले. आणि त्याच्याखाली एका माणसाचे नाव आले. ह्या तीन बदलांमुळेच त्याची मालमत्ता बनली. चौक लिहिणाऱ्या सवाशिणीचे नाव कोणी विचारीत नाही, कारण चौक कोणा एकीचा नसतो. बाजाराला मात्र नाव लागते. म्हणूनच ज्यांच्या हातून ही कला पिढ्यान् पिढ्या चालत आली त्या स्त्रिया बाजाराच्या यादीत उशिरा आल्या आणि थोड्या आल्या, ह्या गोष्टीची नोंद अभ्यासकाने घेतली पाहिजे.

किंमत उभी राहते कशावर?

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. दोन वारली चित्रे शेजारी ठेवली आहेत असे समजा. दोन्हींत तारपा वाजविणारा मध्ये आहे, भोवती नाचणाऱ्यांचा फेर आहे, बाजूला झोपड्या, ताडाची झाडे आणि कोंबड्या आहेत. एक चित्र महामार्गावरील दुकानातून घेतलेले आहे. ते कोणी काढले हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. दुसऱ्याच्या मागे चित्रकाराचे नाव, पाडा, तारीख आहे, सोबत खरेदीची पावती आहे, आणि ते अमुक वर्षी अमुक प्रदर्शनात मांडले होते असा छापील कागद आहे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच सुंदर वाटतील. पण दहा वर्षांनी विकायला काढली तर पहिल्याला शोभेच्या वस्तूचा भाव येईल, दुसऱ्याला चित्राचा.

जुन्या काळी लग्न ठरविताना कुळी पाहत, तशी कलाबाजारात वस्तूची वंशावळ पाहतात. वस्तू मूळ कोणाच्या हातची, मग कोणाकडे गेली, कोठे मांडली गेली, तिचे छायाचित्र कोठे छापले गेले, ही साखळी अखंड असेल तर किंमत टिकते. एक कडी तुटली तरी शंका शिरते. गुंतवणूकदार चित्राबरोबर खात्रीही विकत घेत असतो, आणि वाढीव किमतीचा मोठा भाग ह्या खात्रीचाच असतो.

वारली चित्राच्या बाबतीत ही खात्री विशेष महत्त्वाची ठरते. शैली सामायिक आहे, एकाच घरात अनेक हात चित्रे काढतात, आणि कप, पिशव्या, साड्या, पडदे ह्यांवर यंत्राने छापलेल्या नकलांचा तर पूर आला आहे. ह्या छापील वस्तू घरात जरूर वापराव्यात. परंतु त्यांची किंमत काळाबरोबर वाढेल अशी आशा धरू नये, कारण पाहिजे तेवढ्या पुन्हा छापता येतात. त्याचप्रमाणे साहित्यही पाहिले पाहिजे. पिठाचा रंग, डिंक, पोस्टर रंग, ॲक्रिलिक ह्यांचे आयुष्य निरनिराळे आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने समुद्राची दमट हवा. सातपाटी-केळव्यापासून तारापूरपर्यंतच्या घरांत कागदावर बुरशी चढायला वेळ लागत नाही. वस्तूच नासली तर वंशावळ चौकटीत लावून काय उपयोग?

नाणी आणि पुराणवस्तू : कायद्याची मर्यादा

वंशावळीचा हाच नियम नाण्यांना लागू पडतो, पण तेथे कायदाही आडवा येतो. आपला जिल्हा ह्या बाबतीत संपन्न आहे. सोपारा हे प्राचीन बंदर ह्याच जिल्ह्यात. तेथील स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी उकरला, तेव्हा इतर अवशेषांबरोबर यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले होते. पोर्तुगीज अमदानीत वसईला टांकसाळ होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि वसई मराठ्यांकडे आली. तेव्हा नांगरताना किंवा पाया खणताना ह्या भूमीत जुने नाणे सापडणे अशक्य नाही.

परंतु सापडले म्हणजे आपले झाले असे नव्हे. १८७८ च्या भूमिगत धन अधिनियमानुसार जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे, चित्रे ही पुरावशेष ठरतात. ती देशाबाहेर पाठविण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे, आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस अशा काही चित्रकारांच्या कृतींनाही निर्यातबंदी आहे. आणि जेथे कायद्याची अडचण नाही तेथे नकलांची आहे. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ. नकली होन मात्र बाजारात मुबलक. ज्याला नाण्याचे वजन, लिपी आणि ठशाची ओळख नाही त्याने नाण्यांत पैसा घालणे म्हणजे डोळे बांधून विहिरीत उतरणे होय.

वाढलेल्या किमतीतील वाटा

आता दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न. पाड्यावरच्या चित्रकाराने एक चित्र दोन हजारांना विकले, समजा. पुढे त्याचे नाव झाले आणि पंधरा वर्षांनी तेच चित्र मुंबईत दोन लाखांना गेले. किंमत वाढली ती त्याच्या पुढील साऱ्या आयुष्याच्या मेहनतीमुळे, पण ती वाढ गेली ज्याने चित्र कपाटात ठेवले त्याच्याकडे. कवीचे पुस्तक पुन्हा छापले की त्याला मानधन मिळते. चित्रकाराचे चित्र पुन्हा विकले गेले की त्याला काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम घालण्यात आले. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेले तर त्या किमतीत कलावंताला, किंवा त्याच्या पश्चात त्याच्या कायदेशीर वारसांना, वाटा मागण्याचा हक्क आहे. चित्र दुसऱ्याला विकून टाकले म्हणून हा हक्क जात नाही. मात्र वाट्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. वरच्या उदाहरणात पाड्यावरच्या त्या घराला वीस हजारांपर्यंत रक्कम मागता आली असती.

हक्क आहे, पण तो क्वचितच बजावला जातो. कारण उघड आहे. आपले चित्र मुंबईत विकले गेले हे चित्रकाराला कळावे कसे? कळले तरी ते आपलेच आहे हे त्याने सिद्ध कसे करावे? त्याच्याजवळ ना छायाचित्र असते, ना पावतीची प्रत, ना कोणत्या वर्षी कोणाला विकले ह्याची टिपण. खरेदीदाराला किंमत मिळवून देणारी जी नोंद, तीच चित्रकाराला हक्क मिळवून देणारी आहे. आणि ती नसली तर पहिल्या विक्रीतही तो भाव करू शकत नाही आणि पुढल्या विक्रीतला वाटाही गमावतो.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. डहाणू परिसरातील आदिवासी तरुणांच्या संघटनेने त्यासाठी पुढाकार घेतला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ह्या नोंदणीने काय मिळते आणि काय मिळत नाही हे स्पष्ट असावे. ही नोंदणी 'वारली चित्र' ह्या नावाचे रक्षण करते, कलेला तिच्या प्रदेशाशी आणि समाजाशी बांधते. अमुक चित्र अमुक माणसाच्या हातचे आहे हे ती सांगत नाही. ते काम शेवटी कागदावरच करावे लागते.

सामान्य माणसाने काय करावे?

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ज्याला घरखर्च भागवून थोडी शिल्लक राहते त्याने ती प्रथम ठेव, विमा, भविष्यनिर्वाह निधी ह्यांतच ठेवावी. अडीनडीला लागणारा पैसा चित्रात किंवा नाण्यात घालू नये. त्याहून उरलेल्या रकमेतून चित्र घ्यावेसे वाटले तर आवडले म्हणून घ्यावे, आणि किंमत कधीच वाढली नाही तरी भिंतीवर ते बघून समाधान होईल एवढ्याच किमतीचे घ्यावे. ते शक्यतो चित्रकाराकडून घ्यावे, म्हणजे पैसाही त्याच्याच हाती पडतो आणि वंशावळीची पहिली कडी पक्की होते.

संग्रह करण्याचा अर्थ फायद्यापुरता मर्यादित नाही हे सांगणारी उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, ह्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू आयुष्यभर गावोगाव हिंडून जमविल्या. त्या विकून ते धनाढ्य झाले असते. त्यांनी तो सबंध संग्रह, आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने, १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अर्थशास्त्राच्या वहीत हा व्यवहार तोट्याच्या बाजूला लिहावा लागेल. समाजाच्या वहीत तो कोठे लिहायचा हे वाचकांनी ठरवावे.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र येथे एक काम पडले आहे, आणि त्याला भांडवल लागत नाही. आपल्या वर्गांत पाड्यांवरून येणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आई, आत्या, काका चित्रे काढतात. इतिहास, अर्थशास्त्र आणि मराठी ह्या विभागांनी मिळून एक नोंदवही सुरू करावी. प्रत्येक चित्रासाठी एक पान: चित्रकाराचे पूर्ण नाव, पाडा आणि तालुका, पूर्ण झाल्याची तारीख, लांबी-रुंदी, कागद की कापड, रंग कोणते, विषय काय, कोणाला कितीला विकले, आणि मोबाईलवर काढलेले एक स्पष्ट छायाचित्र. चित्राच्या मागे तोच क्रमांक आणि चित्रकाराची सही. सही येत नसेल तर अंगठा. पानाची एक प्रत चित्रकाराच्या घरी, एक खरेदीदाराकडे, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची आणि धवलेरींची नावेही त्या वहीत वेगळ्या भागात यावीत. तो चौक विकायचा नाही. पण ही कला कोणाच्या हातून आली हे पुढल्यांना कळले पाहिजे.

उन्हाळ्याच्या सुटीआधी, लग्नसराईच्या दिवसांत, अशी पन्नास पाने भरली तरी सुरुवात होईल. त्यांपैकी एखाद्या चित्राची किंमत उद्या खरोखर वाढली, तर त्या पानाच्या आधारे पाड्यावरच्या एखाद्या घराला आपला दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा मागता येईल.